गालाची आतली बाजू

दिवाळी झाली आणि आंजीच्या शिवारात सगळा कापूस एकदमच फुटला. वेचायला माणसं पुरेनात. दिवस उगवायच्या आधीच मजुरांच्या गाड्या बसथांब्यापाशी येऊन उभ्या राहत आणि गाडी सुटेपर्यंत बायामाणसं पुनाजी उईकेच्या पानठेल्यासमोर गर्दी करत. दिवसभर वाकून वेचायचं तर तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा पाहिजेच. भूक मरते, कंबरेची कळ ध्यानात राहत नाही. कोणी एक पुडी नेई, कोणी दिवसभराच्या बेगमीनं नेई.

पुनाजी आधी वर्ध्याला कापसाच्या गाठी चढवायचा. एक गाठ खांद्यावर पडली तेव्हापासून त्याचा उजवा हात वर जात नव्हता. म्हणून हा ठेला. पत्र्याची पेटी, खाली चार पाय, वर ताडपत्री. सुपारी तो कातरायचा, पण खर्रा घोटायचं काम त्या खांद्याला झेपत नव्हतं. ते आधी त्याची बायको सखू करायची. सखू वेचणीला जायला लागली आणि ते त्यांच्या मुलीच्या, चंचलच्या अंगावर आलं.

चंचल अकरावी सायन्सला होती, गावातल्याच कॉलेजात. कॉलेजच्या आधी ती ठेल्यामागं पोत्यावर बसायची, प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना टाकायची, पन्नी पाटीवर दाबून तळव्यानं घोटत राहायची. पन्नी करकर वाजायची. तळवा आधी गरम व्हायचा, मग लाल, मग त्याला काही कळेनासं व्हायचं. चुना कमी-जास्त झाला का, हे पाहायला चिमूटभर गालात टाकायची तिला शाळेपासूनची सवय. चव पाहिली की थुंकून टाकते, असं ती सांगायची. अलीकडं थुंकायचं राहून जायचं.

"काल चुना जादा पडला तुह्या हातून," पुनाजी म्हणाला. "सीताबाई म्हने, जीभ सोलून निंगाली."

"मंग तूच घोट ना."

"हात चालला अस्ता त तुले कायले सांगतलं अस्तं?"

गाडीत चढता चढता सखूनं हाक मारली. "चंचल, भाकर झाकून ठेवली वो. ठेचा हाय, घेजो."

"नोको मले ठेचा."

"काऊन? मिरची पायली का पयते तू आजकाल."

उन्हाळ्यापासून तिखट लागलं की चंचलच्या गालाची आतली बाजू निखारा ठेवल्यासारखी जळायची. भाकर ताकात बुडवून खायची आणि ठेचा कोंबड्यांनी उकरू नये म्हणून उकिरड्यात खोल पुरायची.

जीवशास्त्राच्या भोयर मॅडम वर्ध्याहून एसटीनं येत. वय कमी होतं, आवाज मोठा होता. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडलेले होते. तिसऱ्याचा आरसा फुटलेला, तो खिडकीत.

"आज प्राण्याची पेशी बघायची," मॅडम म्हणाल्या. "प्राणी शोधायला बाहेर जायचं नाही. तो बाकावरच बसला आहे."

पोरं हसली. चूळ भरायची, टूथपिकच्या बोथट टोकानं गाल आतून हलकेच खरवडायचा, आलेला ओलसर पांढरा लेप काचपट्टीवर पसरायचा, त्यावर निळ्या रंगाचा थेंब. चंचलनं मैत्रिणीला पुढं केलं. "अंजू, तू कर पयले."

अंजूनं गाल खरवडला, पट्टी केली, भिंगावर डोळा लावला आणि ओरडली, "माय वो! पाय, पाय!"

चंचलनं पाहिलं. उजेडाच्या गोल चकतीत फिकट निळ्या, वाकड्यातिकड्या काठांच्या पेशी पडल्या होत्या. कोणी एकटी, कोणी दुसरीला नुसती टेकून. प्रत्येकीच्या पोटात एकच गडद ठिपका. माणसाच्या तोंडात असं काही असतं आणि ते कोणालाच दिसत नाही, याचं तिला नवल वाटलं. ती बराच वेळ डोळा काढेना, तेव्हा मागची पोरं कुरकुरू लागली.

मग तिची पाळी आली. टूथपिक आडवी जाईना. तिरपी घातली तर टोक टोचलं. जळजळ कानापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी आलं, काडीला रक्त लागलं.

"काय झालं? आ कर बघू." मॅडमनी मोबाइलचा उजेड धरला. त्यांचा चेहरा बदलला आणि पुढचं त्या विचार न करताच बोलून गेल्या. "अगं, गाल पांढरा पडलाय सगळा. तीन बोटं घाल तोंडात. उभी. एकावर एक."

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

"खर्रा खातेस तू?"

मागून विक्की म्हणाला, "मॅडम, तिच्या घरची त फॅक्टरीच हाय."

पोरं खदखदली. चंचलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हात कुठं ठेवावे कळेना, तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं.

"तू ये इकडं," मॅडम विक्कीला म्हणाल्या. "घाल तीन बोटं."

विक्की हसत आला. बोटं घालता घालता त्याचं हसू थांबलं. त्यानं जोर लावून पाहिला, मग बोटं काढून पॅन्टला पुसली आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतर कोणी हसलं नाही, पण चंचलला त्यानं काही बरं वाटलं नाही.

काडीवर जे आलं होतं ते तिनं पट्टीवर पसरलंच. भिंगातून पाहिलं. तशाच निळ्या पेशी, तसाच ठिपका. मधे मधे तपकिरी कण पडलेले, ते तंबाखूचे असावेत. पुन्हा अंजूची पट्टी पाहिली, पुन्हा आपली.

"मॅडम, ह्या त सारख्याच हायेत."

"ह्यात नाही कळणार, चंचल." मॅडमचा आवाज आता खाली आला होता. "ह्या वरच्या पेशी. रोज झडतात, रोज नव्या येतात. बिघाड होतो तो खालच्या थरात. सेवाग्रामला जाऊन दाखव. घरच्यांना घेऊन जा."

घरी तिनं काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिचा डोळा लोकांच्या तोंडावर जाऊ लागला. ठेल्यावर येणारी माणसं हसताना नुसते ओठ ताणत, दात उघडत नसत. सीताबाई बोलताना जबडा न हलवता बोले. ग्रामपंचायतीतला शिपाई केळं उभं न खाता तुकडे करून, बोटानं आत लोटून खाई. इतकी वर्षं ती याच माणसांत बसत होती आणि हे तिला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना तिनं पुनाजीकडं पाहिलं. तो भाकर कुस्करून वरणात भिजवायचा, पार लगदा झाला की तर्जनीनं गालाच्या कडेनं आत सारायचा. बाबाला वरणात कालवलेलं आवडतं, असंच घरात सगळे समजत.

"बाबा, आ कर."

"काय?"

"तोंड उघड. पूर्न उघड."

"जेव मुकाट्यानं."

"तीन बोटं घालून दाखव मंग."

पुनाजीनं ताट इतक्या जोरानं सरकवलं की वरण जमिनीवर सांडलं. "विक्कीचा बाप ठेल्यावर सांगून गेला मले. पोट्टी म्हने कॉलेजात पकडली. चार लोकाईत तोंड उघडून दाखवलं म्हने. अन् आता माह्यं पाहाले निंगाली तू?"

सखूचा घास हातातच राहिला. "पकडली? काय केलं इनं?"

"काई नाई केलं!" चंचल ओरडली. "तुमीच बसवलं ना मले घोटाले!"

मग कोणी जेवलं नाही. सखू फडक्यानं वरण पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसतच होती. "सगळ्याईसमोर बोलली का वो ती मॅडम?" तिनं हळूच विचारलं. चंचलनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पुनाजी ठेला तसाच टाकून कॉलेजात गेला. चंचल त्याच्यामागं धावली, पण तो थांबला नाही. भोयर मॅडम प्रयोगशाळेत काचपट्ट्या धूत होत्या. पुनाजी दारात उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात खर्रा होता. शब्द फुटेना. तो तसाच मागं फिरला, मैदानाच्या कडेला जाऊन थुंकला, नळावर चूळ भरली आणि परत आला. एवढ्यानं त्याच्या रागातली धार गेली होती, आणि ते त्याचं त्यालाही कळलं.

"माह्या पोरीले सगळ्याईसमोर काऊन उभी केली?" तो म्हणाला. "पोरीची जात हाय, मॅडम. उद्या पाहुने पाहाले आले का लोक हेच सांगतीन त्याईले."

मॅडमनी हात पुसले. "चुकलं माझं, काका. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं."

पुनाजी भांडायच्या तयारीनं आला होता. समोरचं माणूस चूक कबूल करेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. तो एका हातानं दुखरा खांदा चोळू लागला.

"पण तिचं तोंड आखडलंय, हे खोटं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीही एकदा दाखवून घ्या."

"माह्या तोंडात काय हाय ते मले मालूम हाय," पुनाजी म्हणाला आणि वळून चालू लागला.

दाराशी उभ्या असलेल्या चंचलनं ते ऐकलं. रस्त्यानं ती त्याच्या बरोबरीनं चालू लागली. कापसानं भरलेला ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, दोघं कडेला थांबले.

"कवापासून मालूम हाय, बाबा?"

तो उगाच ट्रॅक्टरकडं पाहत राहिला. "उन्हायापासून. आत एक जागा हाय. खरखर लागते. जीभ घडी घडी तिथंच जाते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगून काय? ठेला बंद करा लागला अस्ता."

त्या आठवड्यात सखूनं वेचणीचा एक दिवस मोडला आणि तिघं सेवाग्रामला गेले. वर्ध्यापर्यंत एसटी, पुढं ऑटो. दवाखान्यात बाकावर बसून बसून पुनाजी चारदा उठला, चारदा बाहेर गेला. त्याच्या खिशात पुडी होती हे सखूला माहीत होतं. तिनं काही न बोलता हात पुढं केला. त्यानं पुडी तिच्या हातावर ठेवली. ती पदरात बांधून ठेवायच्या नादात तिची स्वतःची बोटं पुडीवरच रेंगाळली, मग तिनं गाठ मारली.

डॉक्टरांनी मोजपट्टी लावून दोघांची तोंडं मोजली. चंचलला म्हणाले, "आज सोडलंस तर हे थांबेल. गोळ्या देतो, तोंडाचा व्यायाम रोज करायचा. खाल्लंस तर मात्र माझ्याकडं येऊ नको." पुनाजीच्या गालात बोट फिरवताना ते बोलायचे थांबले. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मग त्या खरखरीत जागेचा दाण्याएवढा तुकडा काढून पाण्यासारख्या औषधाच्या बाटलीत टाकला. तपासणीला जाईल, आठवड्यानं या, म्हणाले.

तो आठवडा काही केल्या सरेना. ठेला बंदच होता. पुनाजी घरात बसे, उठे, अंगणात जाई, कुंपणाची काडी सरळ करून परत येई. चंचलचं डोकं ठणकत राही. वहीवर अक्षर ठरत नसे. बडीशेप चावून पाहिली, पेरूचं पान चावून पाहिलं. एकदा ठेल्याच्या फटीतून हात घालून ती आत डबा चाचपत होती, तेवढ्यात मागं सखू उभी दिसली.

"मलेबी करमत नाई," सखू एवढंच म्हणाली. "शेतात बाया देते, मी तोंड वयवतो."

रिपोर्ट आणायला पुनाजी आला नाही. खांदा दुखतो म्हणाला. खिडकीतून मिळालेला कागद चंचलनं वाचला. शब्द लांबलचक होते, पण एक शब्द तिला कळला आणि तिनं तो सखूला सांगितला नाही. ती तशीच उभी राहिली. मग बाजूच्या दारातून पांढऱ्या कोटातली एक तरुण डॉक्टर बाहेर आली, तेव्हा चंचल तिच्यापुढं जाऊन म्हणाली, "मॅडम, माह्या बाबाची पट्टी मले पाहू द्यान का? आमी कॉलेजात पेशी पायल्या."

"अशी दाखवत नाही गं."

"एकदाच. मले समजलं पाहिजे. बाबा आयकत नाई कोनाचं."

डॉक्टरीण तिच्याकडं पाहत राहिली. मग आत ये म्हणाली. पट्टी काढली, भिंग बसवलं, खुर्ची सरकवली.

इथं रंग निळा नव्हता, गुलाबी आणि जांभळा होता. डाव्या बाजूला पेशी रांगेनं, विटा रचाव्या तशा. उजवीकडं रांग मोडली होती. तिथल्या पेशी एकमेकींवर चढलेल्या, लहानमोठ्या, ठिपके काळेभोर आणि पेशीच्या मानानं भलतेच मोठे. रांग सोडून त्या पुंजक्या-पुंजक्यांनी खाली उतरल्या होत्या. कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"लवकर आलात," डॉक्टरीण म्हणाली. "अजून लहान आहे. ऑपरेशन लांबवू नका. सरकारी योजनेत होईल."

सखूनंही डोळा लावला. "मले त लुगड्याचं कापड दिसते," ती म्हणाली, आणि मग चंचलचा चेहरा पाहून खाली बसली.

घरी भैय्याजी येऊन बसला होता. तो सखूचा मावसभाऊ, गावात कोणाच्या घरी काही झालं की आधी पोचणारा. चंचलनं कागद दाखवून ऑपरेशनचं सांगितलं. "कापलं का फैलते," भैय्याजी लगेच पुनाजीला म्हणाला. "आमच्या तिकडचा एक कापून आला, दिवाळी नाई पायली त्यानं. जडीबुटीवाला हाय एक, त्याले दाखवू."

"मी नाई कापत," पुनाजी म्हणाला. "कागदावर कोनी काईबी लिव्हते."

"मी नुसता कागद नाई पायला, बाबा. मी पेशी पायल्या," चंचल म्हणाली.

भैय्याजी हसला. "तुले काय समजते त्यातलं?"

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. पुनाजीसमोर खाली बसली. "कॉलेजात माह्या गालाच्या पायल्या, त्या सुट्या सुट्या व्हत्या. तुह्या पट्टीवरबी एका बाजूनं चांगल्या हायेत, रांगेनं. अन् दुसऱ्या बाजूनं रांगच नाई, बाबा. एकीवर एक चढल्या. खाली खाली जाऊन राह्यल्या."

पुनाजीची जीभ गालात फिरताना बाहेरून दिसत होती.

"तुले दिसलं?"

"दिसलं."

"सोताच्या डोयानं?"

"हो."

"किती व्हत्या?"

"मोजता नाई येत."

भैय्याजीनं पुन्हा जडीबुटीचं काढलं, तेव्हा पुनाजीनं हात वर करून त्याला गप्प केलं. तोच उजवा हात, खांद्यापर्यंतच गेला. "तुह्या मायले सांग, थैली भर म्हनाव," तो चंचलला म्हणाला.

ऑपरेशनात पुनाजीच्या गालाचा आतला भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली. बरेच दिवस नाकातल्या नळीनं पोटात दूध आणि भाताचं पाणी गेलं. चंचलनं आळीपाळीनं सखूसोबत दवाखान्यात वस्ती केली, तिचे कितीतरी प्रॅक्टिकल बुडाले. भोयर मॅडमनी ते नंतर तिच्याकडून करून घेतले, एकटीकडून, कॉलेज सुटल्यावर. डॉक्टरांनी पुनाजीला घरी सोडलं तेव्हा शिवारातला कापूस सरत आला होता, तुरी सोंगायला आल्या होत्या. पुनाजीचं बोलणं आता पहिल्यासारखं उमगत नसे. शब्द ओला आणि चपटा बाहेर येई. सखू त्याला दोनदा विचारी, तिसऱ्यांदा विचारायला लाजे आणि अंदाजानं मान हलवी.

ठेल्यात आता काय ठेवायचं, यावर घरात रोज वेगळं बोलणं होई. चहा म्हटलं तर पातेलं उचलायला खांदा नाही. भाजी म्हटलं तर वर्ध्याहून आणायची कोणी. तोवर सखूच्या मजुरीवर चाललं होतं. सखूनं तंबाखू सोडला होता, पुन्हा धरला होता, पुन्हा सोडला होता. त्याबद्दल तिला कोणी विचारत नसे.

डॉक्टरांनी आइसक्रीमच्या लाकडी काड्या दिल्या होत्या. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, तोंड ताणलं की आणखी एक आत सारायची. सकाळी ऊन अंगणात आलं की बापलेक समोरासमोर बसत, तोंडात काड्या घेऊन. दोघांच्या डोळ्यांतून पाणी येई. चंचल काड्या वाढवत चालली होती. पुनाजीच्या काड्यांचा आकडा कितीतरी दिवस होता तिथंच अडलेला होता.

अशाच एका सकाळी मुकेश मोटारसायकल घेऊन अंगणासमोर थांबला. सालदार माणूस, ठेल्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मागं विळ्यांचं पोतं बांधलेलं होतं.

"पुनाजीभाऊ, दोन घोटून द्या ना. तुरीवर जाऊन राह्यलो. त्या चौकातल्याचं चुन्याचं माप काई जमत नाई."

चंचलनं तोंडातल्या काड्या काढल्या. "बंद केलं आमी."

"असं कसं बंद? घरात त असन थोडा."

"नाई."

"काऊन वो? का झालं?"

चंचल काय सांगावं ते शोधत होती. तेवढ्यात पुनाजी भिंतीला धरून उठला. तोंडात काड्या तशाच ठेवून तो मोटारसायकलपाशी गेला, मुकेशच्या अगदी जवळ उभा राहिला आणि मान मागं टाकून, बोटानं ओठ बाजूला ओढून, उजेड आत पडेल असं तोंड त्याच्यासमोर धरलं.

मुकेशनं आत पाहिलं. मांडीची कातडी, तिच्यावर उगवलेले दोन-चार काळे केस, शिवणीची वळलेली रेघ. तो पाहतच राहिला. त्याचा एक हात नकळत स्वतःच्या गालावर गेला. पुनाजी तसाच उभा होता. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती आणि तो ती पुसत नव्हता.

मग मुकेशनं किक मारली. गाडी वळवली आणि चौकाच्या दिशेनं निघून गेला.

पुनाजी परत येऊन उन्हात बसला. त्यानं चंचलकडं हात पुढं केला. तिनं त्याला आणखी एक काडी दिली.